पुरळाची वाट पाहू नका

आई,

तुम्ही चर्चमधून येईपर्यंत थांबता आले नाही. आपल्या थोरल्या यामिलेतला एर्मोसियो शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेत आहे. आज, तापाच्या सहाव्या दिवशी, तिच्या तळहातांवर जांभळे ठिपके उमटले आणि बोटांची टोके काळी पडू लागली आहेत.

मंगळवारी तुम्ही म्हणालात, "सूनबाई, पोर उकाड्यात कुत्र्याला कवटाळून अंगणात झोपते, हा गोचिडाचाच ताप!" मी हसून म्हणाले, "आधी पुरळ दाखवा, मग मानते." प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मला पुरावा हवा होता; पण हा पुरावा कधीकधी औषधाची वेळ टळून गेल्यावरच येतो, हे मी विसरले.

धाकट्या एलिसेओचे अंग तापले, तर त्वचा स्वच्छ दिसली तरी त्याला लगेच दवाखान्यात न्या आणि गोचिडांचे सांगा. मला विचारायला थांबू नका.

ओफेलिया