भोपळ्याच्या गाद्या

आई, आज बाजारातून अख्खा लाल भोपळा आणलाय. ओट्यावर ठेवलाय, शेजारी सुरी आहे, आणि मी मात्र चहा घेऊन तुम्हाला लिहीत बसले आहे. नातीला संध्याकाळी भोपळ्याच्या गाद्या हव्यात. त्या पदार्थाचं खरं इटालियन नाव तिला माझ्यापेक्षा चांगलं म्हणता येतं, पण आपल्या घरात अजून तुम्ही ठेवलेलंच नाव चालतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुमचा मुलगा जहाजावर, मामंजी तर आमच्या लग्नाआधीच गेलेले, आणि नवीन पनवेलच्या त्या दोन खोल्यांत तुम्ही आणि मी. सून कॉन्व्हेंटात शिकलेली म्हणून तुम्ही माझ्याशी जपून बोलायचात, आणि काही चुकेल या धास्तीने मी बोलायचेच नाही. दोघींचा मिळून विषय एकच, यांचा फोन. मागच्या सुट्टीत यांनी सांगितलं होतं की इटलीच्या एका बंदरात, हे शाकाहारी आहेत कळल्यावर, खाणावळीतल्या बाईने भोपळ्याच्या पातळ कापांचे थर लावून, मध्ये टोमॅटो, पांढरा सॉस आणि चीज घालून भाजून दिलं होतं. "आई, तुझ्या भरल्या वांग्यांनंतर तेच!" म्हणाले होते. तुम्ही नाक मुरडलं होतंत. मी मनात ठरवलं, यांच्या वाढदिवसाला हे करायचं. हे इथे नसले म्हणून काय झालं?

वाढदिवस श्रावणात आला. कांदा-लसूण नाही, वांगं नाही, पण भोपळ्याला कुणाची ना नव्हती. तुम्ही देवळात गेलेल्या, आणि दाराशी सुकापूरची भाजीवाली. मी फोड मागितली. "कापून नाय देनार ताई, बाकीचा कोन घेल? अख्खा न्या, आमच्या येलावरचा हाय. गोड नाय लागला तं मला बोला." मी घेतला. माहेरी आमच्याकडे नेहमी फोडच यायची, अख्खा भोपळा घरात कधी पाहिला नव्हता. जमिनीवर फतकल मारून बसले, सुरी खुपसली आणि वरून वरवंट्याने ठोकली. भोपळा दुभंगला आणि तुम्ही दारात, हातात प्रसादाची वाटी.

"कुणी चिरला?"

"मी."

"पहिली सुरी कुणी लावली?"

"मीच. का हो?"

तुम्ही स्टुलावर बसलात. "अगं, अख्खा भोपळा बाईने फोडायचा नसतो. आधी पुरुषाने सुरी लावायची, मग आपण चिरायचा. घरातल्या पुरुषाच्या जिवावर येतं म्हणतात. शेजारच्या काकांना हाक मारायचीस! शाळेत काय शिकवलं तुम्हाला? आणि तेही आज, त्याच्या वाढदिवशी!"

"टाकून देऊ?" मी विचारलं.

"अन्न टाकतात?" तुम्ही म्हणालात. बाहेर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. शेवटी तुम्ही पदर खोचलात, विळी ओढलीत. "पातळ काप हवेत ना? सरक. तुझ्या सुरीने पाट होतील त्यांचे."

झाकणाला काच असलेला तो गोल ओव्हन अजून डोळ्यांसमोर आहे. आपण दोघी त्या काचेवर वाकलोय, आत चीज फुगतंय, आणि तुम्ही म्हणताय, "गाद्यांची चवड दिसते नुसती." मी एकच ताट घेतलं, तुम्हाला नकोच असणार असं धरून. तुम्ही स्वतःचं ताट आणलंत, पुढे केलंत. "वाढ. एकटीने चिरलास, आता दोघी मिळून खाऊ. जे काय व्हायचं ते दोघींच्या वाट्याला." घास घेतलात आणि म्हणालात, "मीठ कमी आहे."

त्या संध्याकाळी शेजारी फोन येणार होता. आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. तुम्ही देवापुढचा दिवा विझू देत नव्हतात, जेवण अर्धं टाकत होतात, पण भोपळ्याचं नाव काढलं नाहीत. माझ्याकडेही नाही, शेजारीही नाही. माझ्या खोलीत अंथरूण घातलंत, म्हणे इथे वारा बरा येतो. आणि एका दुपारी शेजारच्या काकूंची हाक, "अहो, फोन! जहाजावरून!" तुम्ही उठलात, दाराशी थांबलात, आणि मला पुढे ढकललंत. "जा. तू बोल आधी."

बंदरात जागा नव्हती म्हणून जहाज बाहेरच खोळंबलं होतं, एवढंच. मग तुम्ही फोन घेतलात. मी शेजारीच उभी. तुम्ही म्हणालात, "तुझ्या वाढदिवसाला बायकोने भोपळा केला होता. चांगला झाला होता." बस, तेवढंच.

पुढे घरात अख्खा भोपळा आला आणि हे सुरी घ्यायला उठले, की तुम्ही म्हणायचात, "तू बस. ती चिरेल. तिचा हात चांगला आहे." शेवटपर्यंत तेच म्हणालात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. तुम्ही गेल्यापासून पहिली सुरी मी लावत नाही. आत्ताही हे आरामखुर्चीत पेंगताहेत. चहा संपला की उठवेन, म्हणेन, "जरा भोपळ्याला सुरी लावा, मनगट दुखतंय माझं."

मनगट दुखत नाही, आई.