आक्काच्या मागचा बाक

बेळगाव,
ता. १२ जून १९४१

चि. उपेंद्र यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण ती बसत नाही. आप्पांच्या कोर्टाची सुटी संपली, त्यामुळे ते परत वेळेवर रागावतात. धाकटी बेबी तुझी सायकल काढून कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. तिला मी इंग्रजी चौथीचं वेळापत्रक करून दिलं आहे. पहाटेचा वेळ तिच्या कवितांना, संध्याकाळचा गणिताला. पोर हुशार आहे, फक्त खिडकीबाहेर फार बघते.

तू कुठे आहेस ते मला कळलं आहे. घाबरू नकोस. कसं कळलं ते पुढे लिहिते.

आधी घरची बातमी. निकालाच्या वर्तमानपत्रातला माझ्या नावाचा तुकडा आप्पांनी काचेत बसवून बैठकीत लावला आहे. येणारा-जाणारा तो वाचतो. दत्तोपंत वकील चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "शिरस्तेदार, तुमच्या घरचा पहिला बी. ए. लुगडं नेसून आला की हो!" सगळे हसले. आप्पाही हसले. मग त्यांची नजर खुंटीवरच्या तुझ्या कोटाकडे गेली आणि त्यांनी पानाचं तबक उगाच पुढे सरकवलं. मी तो कोट तिथून काढून ठेवला.

निकालाच्या दिवशी माझे पेढे वाटायला तुलाच धाडलं ते बरं केलं नाही, असं आई म्हणते. मला तसं वाटत नाही. अपयश लपवून ठेवलं की ते कुजतं. दारोदार तुला विचारलं असेल, "आणि तुझं काय रे?" विचारणारच. "पुढच्या वर्षी" एवढंच सांगायचं होतं. दत्तोपंतांच्या घरचा डबा तेवढा पोचला नाही, तू वाटेतूनच निघून गेलास. त्यांचे पेढे मी दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दिले.

उपेंद्र, तुझा माझ्यावर राग असेल. पण आपण सुरुवात कुठून केली ते आठव. मी मॅट्रिक होऊन घरात वाती वळत बसले होते. तू मागून मॅट्रिक झालास आणि तुला कॅम्पातल्या मोटारींच्या कारखान्यात उमेदवारी करायची होती. आप्पा जेवताना म्हणाले, "पोरगी एकटी कॉलेजात जायची नाही. उपेंद्र ज्या वर्गात असेल त्या वर्गात ती असेल. तो अडला की तिचंही थांबलं." तू भात कालवत होतास. माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "जातो की मी." त्या एका शब्दावर मी पदवीधर झाले. हे मी कुणापाशीही नाकारलेलं नाही.

आम्ही मुली त्या लहान खोलीत थांबायचो, प्रोफेसर आले की त्यांच्या पाठोपाठ वर्गात शिरायचो, भिंतीकडच्या पहिल्या बाकावर. तू आमच्या मागच्या बाकावर. तो बाक कुणालाही नको असायचा, कारण तिथे डुलकी घेता येत नाही आणि पळताही येत नाही. मागून पोरं ओरडायची, "आला रं आक्काचा हुजऱ्या! पदर धर, पदर! चिखलात पडंल की!" तूही हसायचास. मी तुला म्हणायचे, हसू नकोस, त्यांना चेव येतो. आता वाटतं, हसण्यावाचून तू दुसरं काय करणार होतास? पण एक खरं, हसल्यामुळे ती गोष्ट चार वर्षं चालली.

त्याच पोरांचा अभ्यास आपण पाहिला आहे. पाऊसकाळ क्रिकेटमध्ये, दिवाळीनंतरचे दिवस गॅदरिंगच्या नाटकात. हजेरीला एकानं तिघांच्या नावानं आवाज बदलून ओ द्यायची. माघ लागला की किल्ल्याच्या खंदकापाशी येरझारा घालत "येणार" प्रश्नांची देवघेव सुरू. मूळ पुस्तक ज्याच्याकडे असेल त्याला वेडा समजायचे. मास्तरही त्यातलेच. "एवढं खूण करून ठेवा, बाकीचं ज्ञानासाठी," असं म्हणाले की वर्गभर पेन्सिली वाजायच्या आणि बाकीचं कुणी वाचायचं नाही. ती पोरं पास झाली, उपेंद्र. आणि तू, ज्यानं एक तास चुकवला नाही, तो राहिलास. सबंध कॉलेजात तुझ्याइतकी हजेरी कुणाची नव्हती, कारण माझ्याइतकी कुणाची नव्हती.

हा अन्याय मला सहन होत नाही. म्हणून तर लिहिते आहे.

ताटाबद्दल तू आईजवळ काही बोलला असशील. तो नियम आप्पांचा होता. इंटरला तू काठावर निघालास तेव्हा त्यांनी केला. मी फक्त पुस्तक धरून बसत असे. तू खांबाला टेकायचं नाही, सरळ उभं राहून उत्तर म्हणायचं. आई डाव घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. मी मान हलवली की तिनं वाढायचं. एका शब्दाला अडलास तर मी पहिल्यापासून म्हणायला लावी, कारण मधूनच जोडलेलं टिकत नाही. भात गार व्हायचा, आमटीवरचं तूप गोठायचं. एकदा तू म्हणालास, "आक्का, तू तरी जेवून घे." मी जेवले. मी उपाशी राहायचं आणि तू ते मनाला लावून घ्यायचं, हे मला योग्य वाटलं नाही. तुझं बोलताना अडखळणं त्याच वर्षी सुरू झालं असं आईचं म्हणणं. मला आठवतं त्याप्रमाणे थोडंसं आधीपासून होतं.

त्या नियमानं ज्युनिअरचं वर्ष तर निघालं! तेवढंही आई मान्य करत नाही.

इतिहासाच्या पेपरानंतर आपण घरी चालत आलो ते मात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी विचारलं, "कसा गेला?" तू म्हणालास, "सगळं लिहिलं."

"सगळं म्हणजे?"

"प... पहिल्यापासून. त्यांनी पाठ केलेल्यातलं चौथं उत्तर विचारलं होतं. ते आठवायला आधीची तीन लिहावी लागली गं आक्का. मनातल्या मनात म्हणून बघितलं, तर येईना. हातानं लिहीत गेलो की येतं. चौथ्यापाशी आलो आणि घंटा झाली."

भर रस्त्यात मी तुला गाढव म्हणाले. शेजारून ती हुजऱ्या म्हणणारी पोरं जात होती आणि त्यांनी ऐकलं. मला तेव्हा वाटलं, तू हे मुद्दाम केलंस. अजूनही कधी कधी वाटतं. नाहीतर इतकं पाठ असलेला मुलगा असा कसा वागेल?

असो.

आता कसं कळलं ते. बेळगुंदीचं आपलं कूळ, भावकू, तांदूळ घेऊन आला होता. मी माजघरात होते, तो आणि आई परसात. तुझा निरोप होता कुणाला सांगू नको म्हणून. त्यानं तो आईलाच सांगितला, आणि भावकूचं कुजबुजणं तुला माहीत आहे.

"आईसाब, धाकलं मालक भेटलतं निपाणीत. कुणाला बोलू नगा म्हनालेत."

"जेवतो का रे?"

"जेवतोय व्हय! लई झ्याक हाय. तंबाखूच्या वखारीत वजनं पुकारालाय. पोत्याएवढं बोद काट्यावर चढलं की असा आवाज काडतोय, बाजाराच्या त्या टोकाला ऐकू येतंय. शेटजी म्हनतोय, असा गडी मिळाला न्हाई."

"अडत नाही बोलताना?"

"अडतंय कशाला? खडाखडा! शिव्या पन खडाखडा!"

आई पदर तोंडाला लावून रडली आणि मग हसायला लागली. इतकं हसली की सूप हातातून पडलं. मी पुढे झाले तेव्हा भावकूचं तोंड पांढरं पडलं. आईनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "पद्मा, हे त्यांच्या कानावर घालू नकोस. एक पोर तरी सुटू दे."

सुटू दे म्हणजे काय? मी म्हटलं, "आई, तुरुंग हिंडलग्याला आहे, आपल्या घरात नाही." ती सांडलेले तांदूळ वेचत बसली.

तू न अडखळता बोलतोस हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. तुला हे पटणार नाही, पण झाला. कारण त्यावरून एक गोष्ट सिद्ध होते. दोष जिभेत नव्हता, डोक्यातही नव्हता. तयारीत होता. तयारी पुन्हा करता येते.

श्रमाला मी कमी लेखत नाही. वखारीतल्या कामातही माणूस माणूसच राहतो. पण उपेंद्र, तंबाखूची वजनं ओरडणारे पुष्कळ आहेत. बोदावर बोद चढत राहतील, तू असलास काय नि नसलास काय. आणि इथे एक जण आहे, जिचं तुझ्यावाचून अडतं. आता ते लिहिते. इतका वेळ टाळलं.

धारवाडहून स्थळ आलं आहे. वकील आहेत, पहिली पत्नी गेली, दोन मुलं आहेत. मला बघायला आले तेव्हा त्यांनी काचेतला तुकडा वाचला आणि आप्पांना म्हणाले, "शिकलेली आहे ते चालेल. मुलांचा अभ्यास घेईल. बाहेर जायचं मात्र नाही." माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. लोक गेल्यावर मी आप्पांना पुण्याचं विचारलं, एम. ए.चं. आप्पा म्हणाले, "उपेंद्र पुण्याच्या कॉलेजात बी. ए.ला पुन्हा बसत असेल आणि तुझ्यासोबत राहत असेल, तर जा. नाहीतर ज्येष्ठ संपायच्या आत धारवाडला होकार कळवतो." तू कुठे आहेस ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणजे त्यांच्या मनानं धारवाड ठरलंच होतं.

तीन दिवस मी त्या दोन मुलांची नावं मनात म्हणत होते. मोठा सात वर्षांचा आहे.

मग मी आप्पांना देवघरात बोलावलं. आधी पुणे कबूल करून घेतलं, देवाच्या पुढ्यात, समईला हात लावून. त्यांनी हात लावल्यावर वखारीचं नाव सांगितलं. आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते.

हे मी केवळ माझ्यासाठी करत नाही, एवढं तू तरी समजून घे. आपल्या गल्लीतल्या मुली मी कॉलेजला निघाले की दारात येऊन उभ्या राहायच्या. मी धारवाडला जाऊन दुसऱ्याच्या पोरांचे पाढे घेत बसले, तर त्यांचे बाप म्हणतील, बघा, शिकून काय झालं? मी एम. ए. होऊन परत येईन आणि मुलींसाठी शाळा काढीन. माझ्या शाळेत कुठल्याही मुलीला भाऊ सोबत आहे का म्हणून विचारणार नाहीत. त्यासाठी तुझी दोन वर्षं मागते आहे. दोनच. त्यानंतर तू वखारीत जा, मोटारी दुरुस्त कर, मी हाक मारणार नाही.

पुण्यात शनिवार पेठेत दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत. तुझं वेळापत्रक मी नव्यानं आखलं आहे. उत्तरं या वेळी कुठूनही सुरू करता येतील अशी पाठ करायची, आधी शेवटचं, मग मधलं. ताटाचा नियम तिथे ठेवायचा नाही असं मी ठरवलं आहे. आपण खाणावळीत जेवणार, तिथे ते शक्यही नाही.

पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. आप्पा स्वतः घेऊन आले आहेत. तू संपूर्ण वाचून होईपर्यंत ते वखारीच्या पुढच्या दारात थांबतील, चारचौघांत आवाज चढवणार नाहीत, असं मी त्यांच्याकडून वदवून घेतलं आहे. कोर्टातला पट्टेवाला मष्णू सोबत आहे. तो मागच्या अंगाला उभा असेल. तो बिचारा हुकमाचा ताबेदार, त्याच्याशी झटापट करू नकोस. तुझ्यापेक्षा बळकट आहे. शेटजींना काय सांगायचं ते आप्पा सांगतील.

पत्र घाईनं संपवू नकोस. बाहेर आलास की आप्पांना नमस्कार कर. ते काही विचारतील, त्याला एका दमात उत्तर दे. अडखळलास की त्यांचा तोल जातो, तुला माहीतच आहे.

तुझं बरं व्हावं याखेरीज काही न इच्छिणारी,
आक्का
(कु. पद्मजा, बी. ए.)