पेटीच्या सुरातला खोकला

जबलपूर, बुधवार

बाबा, तुम्हाला आणि आईला मनापासून जयभीम.

फोन केला की तुम्ही लगेच आईच्या हातात देता, म्हणून चिठ्ठी लिहून राहिलो. मी मजेत आहे. डबाही चांगला मिळतो.

गिटार सोडली नाही, घाबरू नका. तिच्यामागे संथ सूर हवे होते, म्हणून सिंथ, म्हणजे विजेवरची पेटी, घ्यायला गेलो. त्याच्यावरची बटणं पाहूनच डोकं गरगरलं. दुकानदार म्हणाला, "भैया, पहले सॅम्पलर लो." टिफिनएवढी वस्तू आहे. कोणताही आवाज तिच्यात भरायचा, बोटानं दाबून वाजवायचा, पाहिजे तितका फिरवून फिरवून लांबवायचा.

आधी इथल्या नर्मदेच्या ग्वारीघाटावरच्या वल्ह्यांचा आवाज भरला. मग भीमजयंतीला तुम्ही वाजवलेली पेटी, मोबाईलमध्ये होती ती. तिचा एक सूर लांबवला तर अख्खी खोली घुमली. त्यावर गिटार वाजवतो तेव्हा तुम्ही मागे बसून आहात असं वाटते.

सुरात तुमचा खोकलाही आला आहे. माझ्या खोलीत राहणारा आनंद म्हणे, "काहून ठेवतो? काप." मी नाही कापला. सूर फिरून आला की खोकलाही येतो, आणि मी त्याची वाट पाहतो.

पण तिथं, घरी, तो अजून येते काय? रविवारी फोन करीन. आईला देऊ नका.

तुमचाच,
अश्वजीत