चार किलो कुठे गेले

भाट्ये, रत्नागिरी
१९ जानेवारी २०२६

ती. गंगाबायस,

केरूचा नमस्कार. तुझा दमा आता बरा असेल. इकडे सगळं ठीक. फोन न करता कागद घेतला, कारण आमच्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे सुनेच्या कानात बोलायचं. हे कोणाकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि तूच वाच.

तुझी नात नेत्रा इथे कॉलेजात काय करते, ठाऊक आहे का तुला? माणूस चालताना गुडघ्यावर किती भार येतो ते शोधते. मी म्हटलं, मला विचार, फुकट सांगतो. पन्नास वर्षं होडी वर ओढली. पण नाही, त्यांना कॉम्प्युटरच पाहिजे.

गेल्या सोमवारी मला नेलं. या वयात अर्धी चड्डी घालून उभा केला. अंगभर राखाडी गोळ्या चिकटवल्या, मांड्यांना वायरी. पोळ्याचा बैल इतका सजवत नाहीत. जमिनीत वजन करायच्या पाट्या बसवलेल्या, त्यांच्यावरून जायचं. "आजोबा, नेहमीसारखं चाला." आठ कॅमेरे आणि चार पोरी बघतायत, आणि मी नेहमीसारखा चालणार!

मग पडद्यावर माझा सांगाडा. त्या बाहुलीला माझं वजन द्यायचं, माझ्या हाडांची लांबी द्यायची, आणि तिच्या स्नायूंची ताकद कमीजास्त करत बसायचं, ती माझ्यासारखी चालेपर्यंत. मग ती गुडघ्याचा भार सांगणार. म्हणजे खरा केरू समोर खुर्चीवर बसलेला, त्याला कोणी विचारत नाही, आणि बाहुलीची मिनतवारी!

आणि एवढं करून जमलं का? काट्यावर मी अठ्ठावन्न किलो, जमिनीतल्या पाट्या म्हणतात चोपन्न. मेळच बसेना. तिचे सर, कालचं पोर, कपाळाला हात लावून म्हणतात, "चार किलो आजोबा गेले कुठे?" सगळ्या हसल्या. नेत्रा नाही हसली.

दोन दिवस तिने पाट्यांवर तांदळाची पोती ठेवून तपासलं. पाट्या बरोबर. सर म्हणाले, तुलाच मोजता येत नाही, सहा महिन्यांचं सगळं काम पहिल्यापासून कर. गुरुवारी ती माझ्याकडे आली. "आजोबा, माझंच चुकलंय कुठेतरी. पुन्हा याल?" बांगड्याचं तिखलं वाढलं तर नुसता भात चिवडत बसली. मी म्हटलं, तुझ्या कॉम्प्युटरला समुद्रात बुडव. ती उठून गेली.

आता लिहितो. पावसाळ्यात तिने माझं वजन केलं तेव्हा अठ्ठावन्न होतं. दिवाळीनंतर लेंग्याची नाडी जास्तच ओढायला लागली. सदूच्या दुकानात पोती तोलायच्या काट्यावर उभा राहिलो तर चोपन्न. सदूला म्हटलं, काटा बिघडलाय तुझा. सोमवारी जाताना जुन्या जाळ्याचं शिसं, बरोबर चार किलो, पंच्यात गुंडाळून कमरेला बांधलं आणि वर सदरा. काट्यावर नेत्रा म्हणाली, "वा, तेवढंच!" मग म्हणते, कमरेच्या हाडावर गोळी लावायची आहे, सदरा काढा. मी मोरीत जाऊन शिसं सोडलं आणि पिशवीत कोंबलं. चालतानाही वजन होतं, हे मला कुठे ठाऊक?

बाय, भावोजींचे सदरे तू त्यांच्या शेवटच्या वर्षी तीनदा शिवून आत घेतलेस. मी ओट्यावर बसून बघत होतो. तू कोणाला बोलली नाहीस, मी तुला विचारलं नाही. डॉक्टरकडे नेलं तेव्हा चौथ्यांदा घ्यायला कापड उरलं नव्हतं.

म्हणून तुला लिहिलं. पोरीला सांग, पाट्या खऱ्या आहेत, मोजणीही खरी, म्हातारा खोटा. मला तिच्या तोंडाकडे बघून सांगता येणार नाही. आणि तू ये. दवाखान्यात मी सुनेबरोबर जाणार नाही, तुझ्याबरोबर जाईन. येताना सुईदोरा आणू नकोस.

तुझा धाकटा भाऊ
केरू
आज सकाळी, सदूच्या काट्यावर, त्रेपन्न