मागितलेली यापा

कोचाबांबा, ३ ऑगस्ट

प्रिय इग्नासिया,

तुला आणि ब्वेनोस आयरेसमधल्या तुझ्या शिवणयंत्राला ताईचा आशीर्वाद. सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस.

इकडे थंडी कडक आहे. बाजारात आईच्या जागेवर मीच बसते. बटाटे यंदा बरे आलेत. काल एक बाई "यापा घाल, यापा घाल" म्हणून मागेच लागली. शेजारची टोमासा तिला म्हणाली, "अगं, तराजूच घेऊन जा ना घरी!" सगळ्या हसल्या. मला आई आठवली. मापावर फुकट घातलेलं ते मूठभर म्हणजे यापा. कुणी मागितली की आई मोजून दोन बटाटे टाकायची, आणि जी गप्प उभी राहायची तिला पत्र्याचा मग शिगोशीग. "मागितली की ती यापा उरत नाही," म्हणायची.

आई गेल्यावर नवव्या दिवशी तू तोच मग मागितलास. "ताई, बाकी काही नको. हा तेवढा यापा म्हणून दे." मी आईचंच वाक्य तुझ्या तोंडावर मारलं. तू रिकाम्या हातांनी बसमध्ये चढलीस. मला तो पत्र्याचा मग नको होता गं. तू आम्हाला सोडून निघालीस, याचा राग होता.

नेलीचं लिहायचं टाळत इथवर आले. तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा यंत्रावर असते. एकोणीस वर्षांची पोर, जिना चढताना भिंत धरते. माझ्या रक्तात साखर, म्हणून माझी किडनी चालत नाही. तिचा बापही चाचणीत बसला नाही. डॉक्टरांनी विचारलं, "रक्ताचं आणखी कुणी?" नेली पटकन म्हणाली, "मावशीला विचारू नकोस हं, आई. कुठल्या तोंडाने विचारणार?"

तीन महिने मी वाट पाहिली. टोमासाची भाची तुमच्याच गल्लीत राहते, तिच्याकरवी मुद्दाम बातमी तुझ्या कानावर घातली. मागावं न लागता तूच फोन करशील, अशी आशा. इतकी मी हलकट. फोन आला नाही, आणि डॉक्टर म्हणतात आता तिचं हृदय थकतंय.

आईचा तो मग, सध्या इकडे आलेल्या याच भाचीबरोबर पाठवते आहे. तो कशाच्याही बदल्यात नाही. नाही म्हणालीस तरी ठेवून घे, तो तुलाच द्यायला हवा होता.

इग्ना, तुझी एक किडनी माझ्या नेलीला दे. आईचा नियम मोडून, शाल पसरून मागते आहे.

रिकाम्या हातांची,
तुझी ताई
सेवेरिना