टेकडीवरचं माहेर

प्रिय संगीता,

तुला दिवस गेल्याचं कळल्यापासून याडी वेगळीच झाली आहे. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतलीये. माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्याच तांड्यावर होणार, असं साऱ्यांना सांगत फिरते. सारे म्हणजे उरलेले. देवीलालकाकांचं बिऱ्हाड मुकुटबनला उतरलं, शाम हैदराबादला गेला. बंद घरांच्या दारापर्यंत गवत आलंय.

माझी बिजली, तुझी वहिनी, गेली तेव्हा तू आली होतीस आणि मला विचारलं होतंस, दादा, नेमकं काय झालं? मी नशीब म्हणून टाळलं. आज सांगतो. सकाळी तिला कळा सुरू झाल्या. पावसानं घाटातला रस्ता वाहून गेलेला, त्यामुळे दवाखान्याची गाडी खालच्या गावातच थांबली. आम्ही तिला बाजेवर घेतलं. पलीकडच्या पोडावरचे कोलाम, सारी वस्तीच, न बोलावता खांदा द्यायला धावले. खालच्या गावचा रोशन चिखल तुडवत अर्ध्या वाटेवर आला. माणसं कमी पडली नाहीत गं. पण नाल्याला पूर होता. तो ओसरायची वाट बघत आम्ही बाज खांद्यावर धरून उभे राहिलो. बिजली शुद्धीवर होती. माझं मनगट धरून म्हणाली, "मले खाली नका ठेवू. ठेवलं तर मी उठणार नाही." आम्ही ठेवलं नाही. पाणी उतरलं तेव्हा माझ्या मनगटावरचा तिचा हात रोशननंच सोडवला. बाळही तिच्यासोबतच गेलं.

मग साहेब आले, मोजणी झाली, फोटो निघाले. खालच्या गावांनीही आपल्या तांड्याच्या रस्त्यासाठी सह्या दिल्या. रस्ता तसाच आहे, आता कोणी विचारत नाही. मीही विचारणं सोडलं.

पोळा झाला की तुला घेऊन यायचं, असं याडीनं मला बजावलंय. मी येणार नाही, आणि तूही येऊ नकोस. हे फोनवर बोलता येत नाही. रेंज फक्त देवळाच्या ओट्यावर मिळते आणि तिथं याडी शेजारीच बसलेली असते. बाभुळगावात दवाखाना तुझ्या घराजवळ आहे, तिथंच राहा. सासूबाईंना सांग, माहेरी करणारं कोणी नाही. याडीला मी सांगेन, संगीताच नको म्हणाली. ती रडेल, तुला बोल लावेल. लावू दे. पुढंही बाळाला घेऊन इकडं येण्याची घाई करू नकोस.

तुझाच दादा,
उत्तमसिंग