समोरच्या खोलीतल्या शीतलला

प्रिय शीतल,

आज सकाळी मेल आली. आपला शोधनिबंध स्वीकारला! विभागात पेढे वाटायच्या आधी तुला लिहायला बसलेय. जिंकलो गं बाई!

काय तो आपला रसायनशास्त्र विभाग! बोळ एकच, पण इकडचा तिकडे फिरकणार नाही. तुझे सर पदार्थ बनवायचे, माझे सर मोजमाप करायचे, आणि दोघांचा अबोला. तुझ्या पावडरीनं बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड किती ओढलं, हे पाहायला नमुने नागपूरला जायचे आणि महिनोन्‌महिने तिथंच पडून राहायचे. मोजायचं यंत्र मात्र समोरच्या खोलीत, माझ्या टेबलावर!

"एकेकच बैल असला का लोक सावड करतेत, जोडी लावून दोघायचं वावर पेरतेत. हे या दोघायले कोन सांगन, मने?" तू डबा खाता खाता म्हणायचीस. इंझोरीची तू, केनवडची मी. आपली सावड फक्त ठेच्यापुरती.

आणि ताप अंगावर काढलास. "थिसिस होऊ दे, मंग दवाखाना." असं कुणी करतं का गं? अजून राग येतो मला तुझा.

तू गेलीस, आणि थोड्याच दिवसांनी तुझे सर तुझ्या पावडरीची बाटली घेऊन आमच्या दारात उभे.

"पोरीचं काम हाये. मोजून देता?"

"आधी काहून नाई आणलं?" माझे सर.

"तुमी बोलावलं कधी?"

माझ्या सरांनी त्यांना खुर्ची दिली. मग मला म्हणाले, "यंत्र चालू कर, मनीषा."

शीतल, फ्लोराइड उतरलं! पिण्याच्या मर्यादेच्याही खाली! पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी केवढ्यानं ओरडले! तुझे सर खिडकीकडे तोंड करून रडले.

आता दोघे एकत्र चहा घेतात आणि मनसोक्त भांडतात. निबंधावर शेवटचं नाव कुणाचं, यावरून चांगली जुंपली होती. पहिलं नाव कुणाचं, हे मात्र कुणी विचारलंसुद्धा नाही.

यंदा एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पहिली मुलगी माझ्या हाताखाली आलीय. तुला शब्द देते, तिचं अर्धं काम बोळापलीकडे होईल. तुझं टेबल अजून रिकामं आहे. उद्या मी स्वतः तिला तिथं नेऊन बसवीन.

छापील पानावर तुझ्या अगदी शेजारी,
मनीषा